संगणकात व्हायरस शिरल्याची शंका आल्यास: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संगणकात व्हायरस शिरल्याचे लक्षात आल्यानंतर पहिल्या तासाभरात जे केले जाते, त्यावर आतली माहिती वाचणार की जाणार हे बहुतेक वेळा ठरते. मशीन नवे घेता येते, विंडोज पुन्हा टाकता येते. पण काही वर्षांचा टॅलीचा डेटा, ग्राहकाला अद्याप न दिलेले लग्नाचे फोटो किंवा द्राक्षांच्या निर्यातीची कागदपत्रे गेली की ती विकत आणता येत नाहीत. नाशिकच्या सातपूर-अंबडमधील वर्कशॉप, शहरातील करसल्लागारांची कार्यालये, निफाड-दिंडोरीकडील निर्यातदार, फोटो स्टुडिओ, क्लासेस आणि घरगुती ग्राहक या सर्वांना अडचणीच्या वेळी हाताशी असावे म्हणून हे पत्रक तयार केले आहे. सोयीसाठी यात सर्व प्रकारच्या घातक प्रोग्रामांना व्हायरस असेच म्हटले आहे.

आधी खात्री करावी

संगणक संथ झाला की व्हायरस आला असे समजले जाते, परंतु जुन्या संगणकांच्या बाबतीत कारण बरेचदा वेगळेच निघते. हार्ड डिस्क झिजलेली असते, रॅम अपुरी असते, किंवा पंख्यात इतकी धूळ साचलेली असते की एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर अँटीव्हायरसचे स्कॅन मुळीच सुरू करू नये. तासन्‌तास चालणाऱ्या स्कॅनमुळे मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर आणखी ताण येतो आणि जो डेटा सहज काढता आला असता तोही हातचा जातो. अशा वेळी संगणक बंद करून तसाच आमच्याकडे आणावा.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘आपल्या संगणकात पाच व्हायरस आहेत’ अशा चौकटी वारंवार येत असतील, तर तेही बहुधा एखाद्या संकेतस्थळाला ब्राउझरमध्ये नकळत दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीचे फळ असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढून टाकली की चौकटी थांबतात. संपूर्ण पडदा व्यापून, सायरन वाजवून, एका क्रमांकावर फोन करण्यास सांगणारी सूचनाही खोटीच असते, कारण मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर देत नाही. टास्क मॅनेजर (चालू असलेले प्रोग्राम दाखवणारी आणि बंद करणारी विंडोजची सोय) उघडून ब्राउझर बंद करावा आणि त्या क्रमांकावर फोन करू नये. मात्र फोन केला गेला असेल आणि समोरच्याच्या सांगण्यावरून संगणकाचा दुरून ताबा देणारे ॲप टाकले गेले असेल, तर प्रसंग गंभीर आहे असे समजून पुढे दिलेल्या सूचनांप्रमाणे वागावे.

खऱ्या शंकेची लक्षणे अशी असतात. अँटीव्हायरस आपोआप बंद पडतो आणि चालू केला तरी चालू राहत नाही. टास्क मॅनेजर उघडताच मिटतो. ब्राउझरचे मुखपृष्ठ आणि शोधयंत्र न सांगता बदलते. आपण न पाठवलेले ईमेल आपल्या नावाने ओळखीच्यांना पोहोचतात. काहीही काम चालू नसताना पंखा जोरात फिरत राहतो, कारण कोणीतरी आपल्या विजेवर आणि प्रोसेसरवर आभासी चलन तयार करत असते. यांपैकी एखादे लक्षण एकटे दिसले तर शंका घ्यावी, दोन-तीन एकत्र दिसली तर खात्रीच समजावी.

पेनड्राइव्हमधील शॉर्टकट

नाशिकमध्ये सर्वाधिक फिरणारा त्रास अजूनही पेनड्राइव्हमधूनच येतो, असा आमचा अनुभव आहे. न्यायालयाच्या आणि महाविद्यालयांच्या आसपास झेरॉक्स-प्रिंटची दुकाने दिवसभर शेकडो पेनड्राइव्ह हाताळतात, आणि वर्कशॉपमध्ये सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनचे प्रोग्राम एका संगणकावरून दुसऱ्यावर पेनड्राइव्हनेच जातात. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्राम आपोआप सुरू होत असे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये ती सोय काढली आणि २०११ साली अपडेट देऊन जुन्या विंडोजमध्येही ती बंद केली. तेव्हापासून व्हायरसला माणसाच्या एका क्लिकची गरज लागते, आणि ती मिळवण्यासाठी शॉर्टकटची युक्ती वापरली जाते.

पेनड्राइव्ह उघडल्यावर आपल्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचे, कोपऱ्यात लहान बाण असलेले, एक-दोन केबी आकाराचे चिन्ह दिसते. कधी संपूर्ण पेनड्राइव्हमध्ये असे एकच चिन्ह असते. त्यावर क्लिक केले की आतला फोल्डर उघडतो, त्यामुळे काही बिघडले आहे असे वाटत नाही; पण त्याच क्षणी पाठीमागे एक लहान स्क्रिप्ट चालू होऊन संगणकात ठाण मांडते आणि यापुढे लावल्या जाणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हला तोच रोग देते. मूळ फाइल पुसल्या गेलेल्या नसतात. त्या केवळ लपवलेल्या असतात, आणि याचा पुरावा म्हणजे पेनड्राइव्ह रिकामा दिसत असूनही प्रॉपर्टीजमध्ये भरलेली जागा दिसते. म्हणून ‘पेनड्राइव्ह उडाला’ असे समजून तो फॉरमॅट करू नये. लपवलेल्या फाइल दिसू लागण्यासाठी एक्सप्लोररच्या व्ह्यूमधील ‘हिडन आयटम्स’ हा पर्याय निवडावा आणि फोल्डर ऑप्शन्समधील संरक्षित सिस्टीम फाइल लपवण्याची खूण काढावी. त्यानंतर आपल्या फाइल, फक्त आपल्याच, स्वच्छ संगणकावर उतरवून घ्याव्यात. नुसता पेनड्राइव्ह साफ करून उपयोग नाही, कारण ज्या संगणकातून व्हायरस आला तो साफ होईपर्यंत तो पुन्हा लागणारच.

वर्कशॉपच्या ग्राहकांना आमचा आग्रह आहे की मशीनसाठी एक पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा, त्यावर रंगाची पट्टी लावावी आणि तो बाहेर प्रिंट काढण्यासाठी कधीही देऊ नये. मशीनला जोडलेला संगणक जुन्या विंडोजवर चालत असेल आणि तो बदलणे शक्य नसेल, तर त्याला इंटरनेट जोडू नये.

फाइलला कुलूप लावणारा व्हायरस

रॅन्समवेअरबाबत, म्हणजे फाइलला कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसबाबत, आम्ही अधिक विस्ताराने लिहीत आहोत, कारण लहान व्यवसाय यानेच बंद पडतो. सकाळी कार्यालय उघडल्यावर फाइलची नावे तीच दिसतात, पण प्रत्येकामागे एखादे अनोळखी अक्षरसमूहाचे शेपूट लागलेले असते. एक्सेल उघडत नाही, टॅली कंपनी दाखवत नाही, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची मागणी करणारी एक मजकूर-फाइल पडलेली असते.

हा व्हायरस आमच्या भागात मुख्यतः दोन वाटांनी शिरतो. पहिली वाट म्हणजे फुकट मिळवलेले ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर. ‘स्टॉप’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार याच मार्गाने घरोघरी पसरला. त्याच्या चिठ्ठीत ९८० डॉलर मागितलेले असत आणि ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्म्या रकमेची सवलत देऊ केलेली असे. दुसरी वाट अधिक धोक्याची आहे. घरी बसून कार्यालयातील टॅली पाहता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉपची सोय थेट इंटरनेटला उघडी ठेवली जाते आणि पासवर्ड दुकानाच्या नावाचा किंवा १२३४५६ असा असतो. असे उघडे दरवाजे शोधणारे आणि पासवर्ड लावून पाहणारे प्रोग्राम जगभर अहोरात्र चालू असतात. एकदा आत शिरलेला माणूस घाई करत नाही. तो अँटीव्हायरस बंद करतो, जोडलेली बॅकअप डिस्क शोधतो, विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती पुसतो, आणि कार्यालय रिकामे असताना रात्रीतून सर्वांना कुलूप लावतो. दुरून टॅली पाहण्याची सोय हवीच असेल तर व्हीपीएनमागे (इंटरनेटवरील सुरक्षित खासगी मार्गामागे), मोठ्या पासवर्डसह आणि दुहेरी पडताळणीसह घ्यावी. ती व्यवस्था आम्ही बसवून देतो.

पैसे भरावेत का, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आमचे मत स्पष्टपणे ‘भरू नयेत’ असे आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस जगभर पसरला. ज्या जवाहरलाल नेहरू बंदरातून आपल्या जिल्ह्यातील द्राक्षे आणि कांदा परदेशी जातो, तेथील एका टर्मिनलचे कामही त्यामुळे ठप्प झाले होते. त्या व्हायरसची रचनाच अशी होती की पैसे भरूनही फाइल परत मिळणे शक्य नव्हते. याउलट, वाट पाहिल्याने काम झाल्याचीही उदाहरणे आहेत. वर उल्लेखलेल्या ‘स्टॉप’च्या अनेक जुन्या प्रकारांसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये कुलूप उघडणारे मोफत साधन उपलब्ध झाले, आणि ज्यांनी कुलूप लागलेल्या फाइल जपून ठेवल्या होत्या त्यांपैकी अनेकांना त्याचा उपयोग झाला. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अशी साधने विनामूल्य मिळतात. म्हणूनच कुलूप लागलेल्या फाइल आणि खंडणीची चिठ्ठी, दोन्ही जपून ठेवावीत.

पहिल्या तासात

सर्वप्रथम संगणक नेटवर्कमधून सोडवावा: लॅनची वायर काढावी, वायफाय बंद करावे. कार्यालयात एकाहून अधिक संगणक असतील तर सर्वांच्या बाबतीत हेच करावे, कारण सामाईक फोल्डरमधूनच रोग पुढे सरकतो. बाहेरची हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लगेच काढून घ्यावे. टोकन लावलेले राहिले आणि संगणक दुसऱ्याच्या ताब्यात असला, तर आपल्या सहीचा दुरुपयोग होऊ शकतो. फाइलची नावे डोळ्यांदेखत बदलत असतील आणि नेटवर्क तोडणे जमत नसेल, तर संगणकाची वीज थेट बंद करावी. एरवी तो चालू ठेवून आम्हाला फोन करावा. पडद्यावर जे दिसते त्याचा मोबाइलने फोटो काढावा आणि काय, किती वाजता, कोणती फाइल उघडल्यावर दिसले ते कागदावर लिहून ठेवावे. ही टिपणी आम्हाला फार उपयोगी पडते.

त्या संगणकावरून बँकेचा व्यवहार करू नये. ईमेल, बँक आणि जीएसटीचे पासवर्ड बदलावेत, पण ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून किंवा फोनवरून. संशयित संगणकावर टाइप केलेला नवा पासवर्डही चोराच्या हाती लागतो. बॅकअप ठीक आहे का हे तपासण्यासाठी बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला जोडणे ही आम्ही पाहिलेली सर्वांत महागडी घाई आहे. फॉरमॅट करू नये, आणि एकावर एक दोन-तीन अँटीव्हायरसही टाकू नयेत, कारण ते एकमेकांच्याच वाटेत येतात.

लक्षणे सौम्य असतील, म्हणजे केवळ ब्राउझर बिघडला असेल किंवा शॉर्टकटचा त्रास असेल, तर घरच्या घरी एक उपाय करता येतो. विंडोज १० आणि ११ मधील ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून, ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ निवडावे. संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला वाव राहत नाही. साधारण पंधरा मिनिटांत हे काम पूर्ण होते. त्यानंतरही त्रास राहिल्यास आमच्याकडे यावे.

मोबाइलवर लग्नपत्रिका, वाहतुकीचे चलान किंवा शेतकरी योजनेची यादी म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल कधीही उघडू नये. ती ॲप असते आणि ओटीपीचे संदेश वाचून पुढे पाठवते. उघडली गेलीच तर फोन विमान मोडवर टाकावा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे.

तक्रार

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा. जितक्या लवकर कळवले जाते, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. इतर प्रकारांत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण यांची सायबर पोलीस ठाणी स्वतंत्र असल्याने आपला पत्ता कोणत्या हद्दीत येतो हे पाहून जावे. कंपन्यांनी हेही लक्षात घ्यावे की २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला कळवणे बंधनकारक आहे.

पुढच्या वेळेसाठी

डेटाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत कार्यालयाबाहेर असावी. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. कायम जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच बळी पडते. महिन्यातून एकदा त्यातील एखादी फाइल खरोखर उघडते का, हे पाहावे.

अपडेट पुढे ढकलू नयेत. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तो ज्या त्रुटीतून शिरला तिच्यावरील अपडेट १४ मार्चलाच आलेले होते, ज्यांनी ते टाकले होते त्यांच्या संगणकांत तो त्या वाटेने शिरू शकला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे ते वापरणाऱ्यांनी विंडोज ११ कडे जाण्याबाबत आमच्याशी बोलावे. फाइलच्या नावांची शेपटे (शेवटची ‘पीडीएफ’, ‘ईएक्सई’ अशी अक्षरे) दिसतील अशी सेटिंगही करून घ्यावी, म्हणजे बिलाच्या पीडीएफसारखी भासणारी फाइल प्रत्यक्षात प्रोग्राम आहे हे उघडण्यापूर्वीच कळते.

संगणक आणताना

डेस्कटॉप असल्यास फक्त सीपीयू आणावा, लॅपटॉप असल्यास चार्जरसह आणावा. बॅकअपची डिस्क वेगळ्या पिशवीत आणावी आणि पडद्याचे फोटो व टिपणी सोबत ठेवावी. कोणता डेटा सर्वांत आधी हवा आहे, हे आम्हाला सुरुवातीलाच सांगावे. आम्ही प्रथम हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतो आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करतो. आपल्या लेखी संमतीशिवाय मूळ डिस्क फॉरमॅट केली जात नाही. डेटा परत मिळेल की नाही हे पाहणीपूर्वी आम्ही सांगत नाही. पाहणीनंतर शक्यता आणि खर्च दोन्ही लेखी कळवतो, आणि काम करून घ्यावे की नाही हा निर्णय आपला असतो.