अमेरिकेत पडून राहिलेले दोन इंजिनांचे जुने विमान पुन्हा उड्डाणयोग्य करणे: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज प्रक्रिया

अमेरिकेतील लहान विमानतळांवर टायर बसलेली, रंग उडालेली आणि अनेक वर्षे जागची न हललेली दोन इंजिनांची छोटी विमाने आजही दिसतात. त्यांची विक्रीची किंमत कमी असते, त्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वैमानिकांनाही असे विमान घेऊन दुरुस्त करावे असे वाटते. या लेखात पायपर कंपनीचे पीए-२३ अपाचे हे विमान नमुना म्हणून घेतले आहे. हे पायपरचे पहिले दोन इंजिनांचे विमान असून १९५४ पासून ते ग्राहकांना मिळू लागले, आणि सुरुवातीच्या विमानांना प्रत्येकी १५० अश्वशक्तीची लायकमिंग ओ-३२० इंजिने होती. सेस्ना ३१० किंवा बीचक्राफ्ट बॅरन घेतले तरी सरकारी प्रक्रिया हीच राहते. कागदपत्रे पूर्ण तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि दुरुस्तीचा पानाही हाती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण गंजलेला भाग बदलता येतो, परंतु मालकीची तुटलेली साखळी जोडायला कधी कधी न्यायालयात जावे लागते.

मालकी आणि नोंदणी

विमानांची नोंदणी फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजेच एफएए, या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या ओक्लाहोमा सिटी येथील कार्यालयात होते. व्यक्तीच्या नावावर नोंदणी करायची असल्यास ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा कायमस्वरूपी रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक, असावी लागते. एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या नावावर नोंदणी करता येत नाही. अमेरिकेत स्थापन झालेली, पण नागरिकत्वाची अट पूर्ण न करणारी कंपनी विमानाची मालक होऊ शकते. मात्र ते विमान अमेरिकेतच ठेवलेले असावे आणि त्याच्या उड्डाणाचे किमान ६० टक्के तास अमेरिकेतच झालेले असावेत. भागीदारी संस्थेच्या नावावर नोंदणी हवी असेल, तर प्रत्येक भागीदार अमेरिकेचा नागरिक असलेली व्यक्तीच असावी लागते. त्यामुळे एक मित्र नागरिक आणि दुसरा ग्रीन कार्डधारक असेल, तर त्यांनी भागीदारी संस्था न करता सहमालक म्हणून अर्ज करावा आणि अर्जावर दोघांनीही सही करावी.

अर्जाचा नमुना ८०५०-१ हा आहे आणि त्याचे शुल्क ५ डॉलर आहे. त्यासोबत मालकीचा पुरावा म्हणून विक्रीखत जोडावे लागते, ज्यासाठी नमुना ८०५०-२ वापरला जातो. २०२३ पासून नोंदणी प्रमाणपत्राची मुदत सात वर्षांची आहे. पडून राहिलेल्या विमानाची मुदत बहुधा संपलेली असते, म्हणून सध्याची नोंदणी चालू आहे, संपली आहे की रद्द झाली आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

अर्जदार हा शेवटच्या नोंदणीकृत मालकाकडून थेट विमान घेत नसेल, तर त्या मालकापासून अर्जदारापर्यंतचे मधले प्रत्येक विक्रीखत सादर करावे लागते. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचे फेरफार आणि इतर हक्कांतील बोजा जसा पाहतो, तसाच शोध येथेही घ्यावा. विमान तारण ठेवून घेतलेले कर्ज किंवा मेकॅनिकची थकबाकी यांचा बोजा ओक्लाहोमा सिटीच्या नोंदींत असू शकतो, आणि तो शोध घेऊन अहवाल देणाऱ्या व्यावसायिक संस्थाही आहेत. हँगरचे भाडे थकल्यामुळे विमानतळाने विक्रीस काढलेले विमान असेल, तर संबंधित राज्याच्या कायद्यानुसार ती विक्री रीतसर झाल्याची कागदपत्रे मागावीत. विमानतळाच्या व्यवस्थापकाच्या साध्या पत्रावर विसंबू नये.

विमानाच्या नोंदवह्या

विमानाची संपूर्ण नोंद एफएएकडून शुल्क भरून मागवता येते. तिच्यात जुनी विक्रीखते आणि नमुना ३३७, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या व फेरफारांचे अहवाल, असतात. हे अहवाल विमानाशी ताडून पाहावेत. विमानात दिसणारा एखादा मोठा बदल, उदाहरणार्थ वाढीव इंधन टाकी, नोंदीत नसेल, तर ते विमान मंजूर रचनेशी जुळत नाही असे धरले जाते आणि तो बदल मंजूर करून घेण्याची किंवा काढून टाकण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. अपाचेची मंजूर रचना टाइप सर्टिफिकेट, म्हणजे विमानाच्या रचनेला मिळालेली मंजुरी, क्रमांक १ए१० च्या माहितीपत्रकात दिलेली आहे. ते एफएएकडून विनामूल्य मिळते.

मालकाने जपून ठेवण्याच्या नोंदींत सांगाडा, इंजिने आणि प्रोपेलर यांचे एकूण तास, ठरावीक आयुष्य असलेल्या भागांची स्थिती, शेवटची तपासणी आणि प्रत्येक एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हचे, म्हणजे एडीचे (सुरक्षेसाठी एफएएने काढलेल्या बंधनकारक आदेशाचे), पालन कसे झाले याचा तपशील असावा लागतो. लॉगबुक, म्हणजे ही नोंदवही, हरवले असेल, तर दुरुस्ती केंद्रांची बिले, जुने नमुने ३३७ आणि पूर्वीच्या मालकांची माहिती यांवरून तास पुन्हा ठरवून, नोटरीपुढे केलेले निवेदन नव्या लॉगबुकात लावता येते. एडींच्या बाबतीत मात्र निवेदन पुरत नाही; पालन झाल्याचे सिद्ध होत नसेल, तर ती तपासणी किंवा दुरुस्ती पुन्हा करावी लागते. विमानाला दोन इंजिने आणि दोन प्रोपेलर असल्यामुळे हा खर्च दुप्पट होतो, आणि खरेदीची किंमत ठरवताना नेमके हेच विसरले जाते.

उड्डाणयोग्यता आणि वार्षिक तपासणी

मानक उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राला, म्हणजे नमुना ८१००-२ ला, मुदत नसते. विमान नोंदणीकृत असेल आणि त्याची देखभाल नियमांप्रमाणे होत असेल, तोवर ते वैध असते. त्यामुळे वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या विमानासाठी सहसा नवे प्रमाणपत्र मागावे लागत नाही. वार्षिक तपासणी उत्तीर्ण होणे आवश्यक असते. मूळ प्रमाणपत्रच हरवले असेल, तर एफएएच्या जिल्हा कार्यालयाशी, ज्याला तेथील वैमानिक फिझडो म्हणतात, संपर्क साधावा.

वार्षिक तपासणी ही इन्स्पेक्शन ऑथरायझेशन, म्हणजे एफएएने दिलेला तपासणीचा अधिकार, असलेल्या मेकॅनिकने करावी लागते. मालकाला त्याच्या देखरेखीखाली झाकणे उघडणे, सफाई करणे, भाग काढणे अशी कामे करता येतात, परंतु तपासणी आणि तिच्यावरची सही त्या मेकॅनिकचीच असते. विमान नापास झाले, तर त्रुटींची सही केलेली यादी मालकाला मिळते. त्या त्रुटी नंतर दुसऱ्या पात्र मेकॅनिककडूनही दूर करून घेता येतात.

अपाचेच्या बाबतीत काही जागा मी विशेष बारकाईने पाहायला सांगेन. केबिनभोवतीचा सांगाडा पत्र्याखाली झाकलेल्या वेल्डेड स्टीलच्या नळ्यांचा आहे आणि तो आतून गंजू शकतो. पंखांतील इंधनाच्या रबरी पिशव्या कोरड्या राहिल्या की कडक होऊन तडकतात. चाके आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या) चालवणारा हायड्रॉलिक पंप फक्त डाव्या इंजिनावर आहे, म्हणून हातपंप आणि आपत्कालीन व्यवस्था चालू असणे अत्यावश्यक आहे. लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, इंजिनाच्या वरच्या भागात असतो. इंजिन बंद राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते आणि तो गंजू लागतो. खासगी वापराच्या विमानाला बारा वर्षांनी इंजिनाचे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) करण्याची उत्पादकाची शिफारस कायद्याने बंधनकारक नाही, तरी पडून राहिलेले इंजिन आतून न पाहता उडवण्याचा विचारही करू नये.

सुटे भाग मिळत नसतील, तर मालकाने स्वतःच्या विमानासाठी, मंजूर रचनेला अनुसरून, भाग बनवून घेण्याची तरतूद नियमांत आहे. शिवाय १९८० पूर्वी टाइप सर्टिफिकेट मिळालेल्या छोट्या विमानांसाठी एफएएने व्हार्मा नावाची सुलभ मंजुरीची योजना आणली आहे.

विमान दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्यासाठी

वार्षिक तपासणीची मुदत संपलेले विमान दुसऱ्या विमानतळावर उडवत न्यायचे असेल, तर विशेष उड्डाण परवाना लागतो; त्याला बोलीभाषेत फेरी परमिट म्हणतात. त्यासाठी नमुना ८१३०-६ भरून जिल्हा कार्यालयाकडे द्यावा लागतो आणि उड्डाणाचे कारण, मार्ग, चालक दल, विमान कोणत्या बाबतीत नियमांत बसत नाही आणि त्यासाठी कोणते निर्बंध पाळणार, हे लिहावे लागते. एफएए मेकॅनिककडून तपासणी करून ‘या उड्डाणासाठी सुरक्षित’ अशी नोंद मागू शकते. अशा उड्डाणात आवश्यक चालकांखेरीज कोणालाही बसवू नये. एखाद्या एडीने असे उड्डाणच मना केलेले असेल, तर विमान सुटे करून ट्रकवरूनच न्यावे लागते.

वैमानिकाची पात्रता

अपाचे चालवण्यासाठी बहुइंजिन रेटिंग, म्हणजे एकाहून अधिक इंजिनांचे विमान चालवण्याची परवान्यावरील पात्रता, आवश्यक आहे, आणि आत घेता येणारी चाके, फ्लॅप व पात्यांचा कोन बदलता येणारे प्रोपेलर असल्यामुळे कॉम्प्लेक्स विमानाचा, म्हणजे अशी रचना असलेल्या विमानाचा, प्रशिक्षकाचा शेराही वैमानिकाच्या लॉगबुकात लागतो. अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांनी, ग्रीन कार्डधारकांनीसुद्धा, बहुइंजिन रेटिंगचे प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी टीएसए या अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेची सुरक्षा पडताळणी पूर्ण करावी लागते. या पडताळणीला वेळ लागतो, म्हणून विमान मेकॅनिककडे असतानाच तो अर्ज करून ठेवावा.