आभाळ मोठं, वाट एकच

दोन छोटी विमानं विमानतळाजवळ एकमेकांच्या अंगावर आली आणि थोडक्यात निभावलं, अशी बातमी कुठूनही आली की कोल्हापुरातल्या कट्ट्यावर पहिला प्रश्न ठरलेला : एवढं मोठं आभाळ पडलंय, तिथं दोघांची गाठ पडतेच कशी? तावडे हॉटेलच्या चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की उत्तर मिळतं. हायवे कितीही रुंद असो, गावात शिरायचं तर गर्दी त्या वळणावरच होते. विमानांचंही तसंच. वर कुठूनही या, उतरायला पट्टी एकच.

उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, जानेवारी १९३९ मध्ये सुरू झालेला. तेव्हा विमान दिसणं हीच नवलाई. त्याच्या वाटेत दुसरं येईल ही धास्ती इथं कुणाला असणार? युरोपात मात्र ती आधीच खरी ठरली होती. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये लंडन-पॅरिस मार्गावरची दोन प्रवासी विमानं खराब हवेत समोरासमोर धडकली. सात जण गेले. त्या काळी वैमानिक खालचे रस्ते आणि रेल्वेचे रूळ बघत जायचे. जाणारा आणि येणारा एकाच रस्त्यावर डोळे लावून उडाला तर दुसरं काय होणार! आज समोरासमोर आलेल्या दोन्ही विमानांनी आपापल्या उजवीकडे वळायचं, असा जगभरचा नियम आहे. जमिनीवर आपण डावी बाजू धरतो, आभाळात मात्र उजवी.

पुढचे नियमही असेच माणसं गेल्यावर आले. १९५६ मध्ये अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं धडकून १२८ जण गेले आणि दोन वर्षांत तिथल्या हवाई नियंत्रणाची यंत्रणा नव्यानं उभी राहिली. छोट्या विमानाचा विषय निघाला की आठवतं ते सॅन डिएगो, सप्टेंबर १९७८. उतरायला निघालेल्या बोइंगच्या वैमानिकांना पुढचं छोटं सेसना दिसलं होतं. मग ते नजरेआड झालं, आणि ‘गेलं असेल मागं’ असं ते धरून चालले. ते खालीच होतं. मृत १४४. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ पुन्हा तेच झालं. छोटं पायपर आणि प्रवासी विमान, ८२ बळी. त्यानंतर मोठ्या विमानांत टीकॅस, म्हणजे टक्कर टाळण्याचा इशारा देणारं यंत्र, अमेरिकेनं कायद्यानं सक्तीचं केलं.

आपल्याकडे शहाणपण आलं ते १२ नोव्हेंबर १९९६ ला, दिल्लीजवळ हरयाणातल्या चरखी दादरीवर. सौदीचं जम्बो दिल्लीहून चढत होतं, कझाकस्तानचं विमान उतरत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट एकच. नियंत्रकाला पडद्यावर विमानाचा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायचं होतं. ते त्याखाली गेलं. ३४९ माणसं गेली. नंतर दिल्लीत येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं, मोठ्या विमानांना टीकॅस सक्तीचं झालं.

पण हे सगळं मोठ्यांसाठी. शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानात बहुधा टीकॅस नसतं. मोठ्यातलं टीकॅससुद्धा जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली ‘चढा’, ‘उतरा’ अशी आज्ञा देत नाही, कारण तिथं खाली जायला जागाच नसते. छोटी विमानं घिरट्या घालतात तीही त्याच उंचीवर. म्हणजे गर्दी जिथं जास्त, तिथंच यंत्र गप्प. उरतो तो माणसाचा डोळा आणि रेडिओवरची हाक.

डोळ्याचा हिशोब बघा. ताशी १८५ किलोमीटरनं उडणारी दोन सेसना समोरासमोर आली तर सेकंदाला शंभर मीटरहून जास्त अंतर संपतं. दिसणं, धोका ओळखणं, ठरवणं आणि विमान वळणं, याला साडेबारा सेकंद लागतात असं अमेरिकेत धरतात. म्हणजे सव्वा किलोमीटर आधी दिसायला हवं. तेवढ्या अंतरावरून अकरा मीटरचे पंख चंद्राच्या रुंदीएवढे, पण जाडीला दोऱ्यासारखे. त्यात अंगावर येणारं विमान काचेवर जागा बदलत नाही, एका ठिपक्यात स्थिर राहून मोठं होत जातं. आणि आपला डोळा तर हलणारी वस्तूच आधी टिपतो. गळिताच्या दिवसांत हवेत धूर असला की तोही ठिपका पुसला जातो.

पंखांचीही गंमत आहे. सेसनाचे पंख डोक्यावर, वरचं दिसत नाही. पायपरचे पंख पोटाखाली, खालचं दिसत नाही. पायपर वर, सेसना खाली, दोघंही पट्टीकडे उतरतायत, आणि दोघांनाही समोर मोकळं आभाळ! दोन विमानं अशी धोक्याइतकी जवळ आली की कागदोपत्री त्याला ‘एअरप्रॉक्स’ म्हणतात. धडक चुकवण्यासाठी विमान ऐनवेळी वळवावं लागलं असेल तर ती ‘गंभीर घटना’ धरली जाते, मग कुणाला ओरखडाही उठलेला नसो. भारतात अशा घटनांचा तपास २०१२ पासून एएआयबी हा स्वतंत्र विभाग करतो.

सेसनावर शिकणाऱ्याला म्हणूनच वळण्याआधी त्या बाजूचा पंख क्षणभर वर उचलायला लावतात. त्याखाली डोकावून बघायचं, कुणी नाही ना, आणि मगच वळायचं.