फिशटँकमधला ‘शार्क’: मासा कुठला, नाव कुठलं

संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा परभणीत शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन ‘शार्क आहे का’ असं विचारलं, तर दुकानदार बहुतेक ‘आहे की’ म्हणतो. जाळीने एक बोटाएवढा मासा पकडतो आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत घालून देतो. काळसर पाठ, अंगावर चंदेरी चमक, एका जागी न ठरणारा. पाठीवरचा उभा पर आणि पोहण्याची ऐट बघून पोरं हरखून जातात.

हा मासा शार्क नाही. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, याचा हाडांचा आहे. हा मांगूर आणि शिंगाळ्याच्या गोत्रातला, मिशांचा, बिनखवल्यांचा, गोड्या पाण्यातला मासा. दुकानातला शार्क, मासळी बाजारातला पंगस आणि हॉटेलात ‘बासा’ म्हणून अनेकदा ताटात येणारा मासा, हे सगळे एकच. घरी शार्क पाळण्याची आपल्याकडची गोष्ट खरं तर या पंगसचीच गोष्ट आहे.

त्याचं मूळ घर आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्या. १८७८ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ सोवाज यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पावसाळ्याच्या तोंडावर नदीला पाणी चढू लागलं की हे मासे अंडी घालायला शेकडो किलोमीटर वर जातात आणि पिल्लं प्रवाहाबरोबर खाली पूरमैदानात उतरतात. पूर्ण वाढलेला मासा सव्वा मीटरच्या पुढे जातो आणि वजन चाळीस किलोच्या वर भरू शकतं. मूळ नद्यांत आता त्याची संख्या इतकी घटली आहे की तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. तळ्यांत मात्र तो लाखोंनी वाढवला जातो.

थायलंडमधून तो १९९०च्या सुमारास बांगलादेशात आला आणि तिथून १९९५-९६ मध्ये पश्चिम बंगालमध्ये. पुढे आंध्रच्या तळ्यांनी त्याला उचलून धरलं, कारण वर्षाच्या आत तो किलोभर होतो. बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, स्वस्त आणि मुबलक झालं. खाण्यासाठी वाढवायचं तेच बोटुकलं शोभेच्या बाजारातही गेलं आणि तिथे त्याला शार्क हे नाव मिळालं. ‘पंगस’ म्हणून ते कोणी दिवाणखान्यात ठेवलं असतं का, मला शंका आहे.

टाकीत तो टिकतो कसा, हेही समजून घ्यायला हवं. पाण्यातला ऑक्सिजन कमी पडला की तो वर येऊन हवा गिळतो आणि पोटातल्या हवेच्या पिशवीतून श्वास भागवतो. म्हणून लोडशेडिंगमध्ये हवेची मोटर बंद पडली तरी तो बरेचदा तग धरतो. त्याच्या याच चिवटपणामुळे तो मजेत आहे असा आपला समज होतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत जेमतेम ५७ लिटर पाणी मावतं. कळपाने राहणारा, नदीच्या लांबीवर जगणारा मासा तिथे एकटा वाढतो, दचकतो, काचेवर धडकून तोंड फोडून घेतो. आमच्या घरचा वर्षभरात टाकीत वळेनासा झाला होता. त्याचं ते अडखळत वळणं मी अजून विसरलेलो नाही.

शार्क हा शब्दच आपल्याकडे बाहेरून आला. कोकणात मुशी, मोरी ही रोजच्या बोलण्यातली नावं आहेत. मराठवाड्याला समुद्र नाही, आपली ओळख मरळ, वाम, कटल्याची. पण माशांची नीट पारख करण्याची परंपरा या भागाला अनोळखी नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीचा (आजच्या बसवकल्याणचा) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचं, म्हणजे मासे पकडण्याच्या खेळाचं, स्वतंत्र प्रकरण लिहिलं. मासे समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, अशी विभागणी तिथे आहे आणि कोणाला काय चारावं हेही आहे. त्या कसोटीवर आजचा दुकानातला शार्क ‘नदीतला, बिनखवल्यांचा’ या रकान्यात गेला असता.

काचेत मासे ठेवण्याची पद्धत मात्र विलायती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं.

खरा शार्क घरी ठेवणारे लोक जगात आहेत. ते मुख्यतः बांबू शार्क ठेवतात. हा तळाशी पडून राहूनही कल्ल्यांवरून पाणी खेळवू शकतो, म्हणून त्याला अखंड पोहावं लागत नाही. तरी तो मीटरभर वाढतो. त्याला हजार लिटरची टाकीही अपुरी पडते आणि तेवढ्या पाण्याला समुद्राच्या खारटपणासाठी सुमारे ३५ किलो मीठ लागतं. माशांच्या औषधांत सर्रास असणारं तांबं त्याला सोसत नाही. शिवाय ठरावीक दिवसांनी शंभर-दोनशे लिटर पाणी बदलावं लागतं, तेही बोअरचं जड पाणी आधी शुद्ध करून. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, ती पाच लाख लिटर घेऊन. घागरींच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

कायद्याची बाजूही आहे. २००१ मध्ये देवमुशीला (व्हेल शार्कला) वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षण मिळालं, त्यानंतर आणखी काही जातींना. दुकानांसाठी २०१७ मध्ये केंद्राने कडक नियम काढले होते, पण ते पुढे मागे घेतले गेले.

पंगसला असं संरक्षण नाही आणि टाकीत न मावणारा मासा शेवटी तलावात किंवा गोदावरीत सोडला जातो. सोडणाऱ्याच्या मनात पुण्याचीच भावना असते. पण परका मासा इथल्या माशांचं अन्न खातो, टाकीतले रोग सोबत नेतो, आणि झळ बसते ती जाळं टाकून पोट भरणाऱ्या भोई कुटुंबांना. मासा वाढला तर तो दुकानदाराला परत द्यावा किंवा पंगस पाळणाऱ्या तळेवाल्याला द्यावा. दुकानदारांकडे माझं एकच मागणं आहे: टाकीवर ‘शार्क’ऐवजी ‘पंगस, पूर्ण वाढ चार फूट’ असं लिहा आणि पिशवी बांधायच्या आधी गिऱ्हाइकाला ते वाचून दाखवा.