आधी सारे बाहेर, मग निवड : मूत्रपिंडांचे काम

निरोगी प्रौढ माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. घरात पाणी साठवण्यासाठी ठेवलेले दोनशे लिटरचे पिंप जवळजवळ भरेल, एवढा हा द्रव असतो; आणि तरीही त्याच दिवसात लघवीवाटे बाहेर पडतात ते जेमतेम दीड-दोन लिटर. उरलेले सारे पाणी रक्तात परत जाते. मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी चाळणी, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. पण गाळणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे.

प्रत्येक मूत्रपिंड मुठीएवढे, साधारण दीडशे ग्रॅम वजनाचे असते. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का भरतात, पण हृदयाने ढकललेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे येतो. प्रत्येकात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे एक गाळणी आणि तिला जोडलेली लांब नलिका मिळून बनलेले सूक्ष्म घटक, असतात. नेफ्रॉनच्या आरंभी पेल्यासारखे बोमनचे संपुट आणि त्यात केशवाहिन्यांचा गुंता, म्हणजे ग्लोमेरुलस, असतो. या गुंत्यात रक्त दाबाखाली असते. रक्तपेशी आणि बहुतेक सारी प्रथिने आत राहतात; पाणी, मीठ, साखर, अमिनो आम्ले आणि युरिया हा टाकाऊ पदार्थ संपुटात उतरतात. उपयोगी काय आणि टाकाऊ काय, हा भेद येथे मुळीच होत नाही. माणसाच्या शरीरात रक्तद्रव, म्हणजे पेशी वगळता रक्ताचा द्रव भाग, तीन लिटरच्या आसपास असतो, म्हणजे तो सगळा दिवसातून साठ वेळा या गाळणीतून जातो.

ही कल्पना १८४२ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी मांडली होती. गाळलेला द्रव पुढे नलिकेतून जाताना त्यातले बरेचसे परत शोषले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र प्रत्यक्ष पुरावा मिळायला ऐंशीहून अधिक वर्षे गेली. फिलाडेल्फियात आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स आणि जोसेफ वर्न यांनी केसाहून बारीक काचेची नळी जिवंत बेडकाच्या एकेका संपुटात खुपसून तेथला थेंबभर द्रव बाहेर काढला आणि तो तपासला. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत एक गोष्ट ठळक होती : संपुटातल्या द्रवात साखर होती, पण मूत्राशयातल्या लघवीत ती नव्हती. मग साखर वाटेतच परत घेतली गेली असली पाहिजे. इतक्या नाजूक हातांनी मिळवलेला इतका निःसंदिग्ध पुरावा शरीरशास्त्रात फार थोडा आढळतो, असे मला वाटते.

दिवाळीपूर्वी माळा साफ करताना आपण नको असलेल्या वस्तू शोधत बसत नाही. सगळे सामान खाली उतरवतो आणि हवे तेवढे परत वर ठेवतो. मूत्रपिंडांची रीत हीच आहे. दिवसभरात सुमारे १८० ग्रॅम साखर आणि जवळजवळ दीड किलो मीठ गाळले जाते. साखर सगळी आणि मीठ बहुतांश परत घेतले जाते, आणि त्यासाठी नलिकेच्या पेशी सतत ऊर्जा खर्च करतात. वरवर हा अपव्यय दिसतो, पण त्यात मोठी सोय आहे. जगातले प्रत्येक विष ओळखण्याची यंत्रणा शरीराला बाळगावी लागत नाही. आपल्या मोजक्या उपयोगी पदार्थांची ओळख पुरेशी होते. या परत घेण्यालाही मर्यादा आहे. रक्तातली साखर दर डेसिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की ती परत घेणारे वाहक, म्हणजे नलिकेच्या पेशींतली साखर वाहून नेणारी प्रथिने, अपुरे पडतात आणि लघवीत साखर दिसू लागते. मधुमेहावरची ग्लिफ्लोझिन गटातली औषधे हेच वाहक मुद्दाम अडवतात.

आता राहिले पाणी, आणि येथे मूत्रपिंडांची खरी कमाल आहे. नलिकेचा एक भाग केसपिनेसारखा वळून मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरतो आणि परत वर येतो. याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये वर्णन केलेला हा हेन्लेचा पाश. त्याच्या चढत्या भुजेतून मीठ बाहेर टाकले जाते, पण पाणी बाहेर पडू शकत नाही. उतरत्या भुजेतून मात्र पाणी सहज निघून जाते. शेजारच्या दोन भुजांत द्रव उलट दिशांनी वाहत असल्यामुळे प्रत्येक पातळीवरचा लहानसा फरक साठत जातो आणि गाभ्याच्या तळाशी खारेपणा रक्ताच्या जवळजवळ चौपट होतो. हे तत्त्व व्हेर्नर कून या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्याला उलगडले. शेवटची संग्राहक नलिका याच खाऱ्या भागातून जाते, आणि लोणच्यासाठी मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना जसे पाणी सुटते, तसे तिच्यातले पाणी बाहेर ओढले जाते.

मात्र हे पाणी किती ओढू द्यायचे, ते मेंदू ठरवतो. शरीरात पाणी कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून मूत्ररोधक संप्रेरक सुटते आणि संग्राहक नलिकेच्या भिंतीत पाण्याची सूक्ष्म दारे बसवली जातात. ॲक्वापोरिन नावाच्या या दारांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वैशाखात शेतावर राबणाऱ्या माणसाची लघवी थोडी आणि गडद पिवळी होते, ती यामुळे; उन्हाळी लागली असे ज्याला आपण म्हणतो, त्यात या दाटपणाचा वाटा असतो, परंतु जळजळीसोबत ताप असेल किंवा रक्त दिसत असेल तर तो संसर्गही असू शकतो आणि डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते. कितीही पाणी वाचवले तरी युरिया आणि क्षार विरघळवून नेण्यासाठी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास लघवी व्हावीच लागते.

काही पदार्थ गाळले जाण्याची वाटही न पाहता नलिकेच्या पेशी ते थेट रक्तातून उचलून मूत्रात टाकतात. पेनिसिलिन त्यांपैकी एक. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायाला हे औषध दिले गेले, तेव्हा तो झपाट्याने सुधारू लागला; पण मूत्रपिंडे ते इतक्या वेगाने बाहेर टाकत होती, आणि साठा इतका तुटपुंजा होता, की त्याच्या लघवीतून औषध पुन्हा वेगळे काढून वापरावे लागले. तेही संपले आणि मार्चमध्ये तो दगावला. पुढे प्रोबेनेसिड हे औषध आले. ते नलिकेतली हीच वाट अडवते आणि पेनिसिलिनला रक्तात अधिक काळ टिकू देते.