‘रेस’ नावाचा कप्पा : ब्लूजची पार्श्वभूमी

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत. त्याचा इतिहास सांगायला बसले की बहुतेक जण आधी दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याच्या कापसाच्या शेतात जातात. ते चूक नाही. पण ‘ब्लूज’ म्हटल्यावर आज जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते शेतात तयार झाले नाही. ते घडले १९२० नंतरच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या कॅटलॉगांत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये एका कृष्णवर्णीय गायिकेने ब्लूजची एक रेकॉर्ड केली. ती रंगमंचावर गाणारी, शहरी, झगमगीत कपड्यांतली बाई होती, आणि साथीला बँड होता. पहिल्याच महिन्यात ७५,००० प्रती खपल्या असे सांगतात. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर उत्तरेकडून गठ्ठेच्या गठ्ठे दक्षिणेत नेऊन विकत. कृष्णवर्णीय माणूस ग्रामोफोनवर पैसे घालवणार नाही, हे धंद्यातले गृहीतक तिथे कोसळले. पुढची पाच-सहा वर्षे ब्लूजची रेकॉर्ड म्हणजे बाईचा आवाज, आणि मागे पियानो किंवा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे वाद्य). एकट्याने गिटार घेऊन गाणारा पुरुष खऱ्या अर्थाने बाजारात आला तो १९२६ मध्ये, आणि तोही मिसिसिपीचा नव्हे, टेक्ससचा एक अंध गायक. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे तो उलटा सांगितला गेला.

त्याआधीचे थोडक्यात. पश्चिम आफ्रिकेतून आलेली तंतुवाद्यांची सवय, १७३९ च्या बंडानंतर साउथ कॅरोलिनात ढोलांवर आलेली कायद्याची बंदी, कामावरची गाणी, चर्चमधली गाणी, आणि गुलामगिरी संपल्यावर अर्धेलीच्या शेतीत पुन्हा कर्जात रुतलेली कुटुंबे. १९०१-०२ मध्ये मिसिसिपीच्या कोअहोमा काउंटीत प्राचीन टेकाडे उकरायला आलेल्या एका पुरातत्त्वज्ञाला मातीपेक्षा मजुरांच्या गाण्यांचेच नवल वाटले आणि १९०३ मध्ये त्याने त्यावर लेख छापला. त्याच सुमारास मिसिसिपीतल्याच टटवायलर स्टेशनावर नऊ तास उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत पेंगणाऱ्या एका बँडमास्तरला एक फाटका माणूस तारांवर सुरी घासत गिटार वाजवताना दिसला. ही आठवण त्याने छापली १९४१ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार दशकांनी. तरीही तिच्या आधारावर अमेरिकी सिनेटने २००३ हे ‘ब्लूजचे वर्ष’ ठरवले. डुलकीतून ऐकलेल्या गाण्याची सरकारी शताब्दी! १९१२ मध्ये नावात ‘ब्लूज’ असलेली स्वरलिपीची पुस्तिका एक नव्हे, तीन निघाल्या. ब्लूजचा बारा बारचा, म्हणजे बारा मात्रागटांच्या आवर्तनाचा, साचा छापील कागदावर पक्का होत गेला तो इथून पुढे.

आता ‘रेस रेकॉर्ड्स’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा गुंता तिथेच आहे. १९२० च्या यशानंतर कंपन्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या मालिका काढल्या आणि त्यांना ‘रेस’ म्हणू लागल्या. आज तो शब्द कानाला टोचतो, आणि मराठीत ‘वंश’ असे भाषांतर केले की आणखीच टोचतो. पण त्या वेळच्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांत तो अभिमानाने वापरला जाई. आपल्याकडे ‘समाजाचा माणूस’, ‘समाजासाठी झटणारा’ म्हणताना ‘समाज’ जसा येतो, जवळपास तसा. शब्द शिवी नव्हता. मात्र समाजातल्या माणसाने ‘समाज’ म्हणणे वेगळे आणि गोऱ्या मालकाच्या कंपनीने डब्यावर तेच लेबल चिकटवणे वेगळे. १९२१ मध्ये एका कृष्णवर्णीय उद्योजकाने स्वतःची कंपनी काढली होती. तिची जाहिरात सांगे की खरी आपली कंपनी हीच, बाकीचे नुसते सोंग आणतात. पण याच कंपनीला ब्लूज थोडा खालच्या दर्जाचा वाटायचा. पुढे विक्रीचे उच्चांक करणारी एक गायिका तिने फार रांगडी म्हणून परत पाठवली अशी गोष्ट सांगतात. १९२४ पर्यंत कंपनी विकली गेली. घेणारी कंपनी मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची होती. ग्रामोफोनची लाकडी कपाटे खपावीत म्हणून तो रेकॉर्डही विकत होता.

खरा निर्णय मात्र नावाचा नव्हता, क्रमांकांचा होता. एका मोठ्या कंपनीने कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डना १४००० ची मालिका दिली आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या लोकसंगीताला १५००० ची. दुसऱ्या एका कंपनीचे आकडे ८००० आणि ४५०००. कॅटलॉगमध्ये ही सोय वाटते. पण ज्या गावांतून हे वादक यायचे तिथे अशी भिंत नव्हती, निदान संगीतात तरी नव्हती. दक्षिणेतला कृष्णवर्णीय वादक शनिवारी आपल्या लोकांसाठी वाजवायचा आणि रविवारी गोऱ्यांच्या सहलीत. त्याच्या पोतडीत वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या युरोपीय नाचाच्या चाली) असायचे, पोवाड्यांसारखी लांबलचक कथागीते असायची, फिडलवरच्या, म्हणजे व्हायोलिनवरच्या, नाचाच्या चाली असायच्या. रेकॉर्डिंगला आला की त्याला विचारले जाई, ब्लूज आहे का? असेल तर तीन मिनिटांत बसव. वॉल्ट्झ नकोत, ते समोरच्या मालिकेत गोरे लोक वाजवतातच. अशा रीतीने हजारो कृष्णवर्णीय फिडलवादकांचे संगीत जवळजवळ ध्वनिमुद्रितच झाले नाही. यात कुणाचा दुष्ट हेतू होता असे नाही, विक्री खात्याची सोय होती. मला ते जास्त खटकते.

कप्पे किती कृत्रिम होते हे १९२७ च्या एका प्रसंगातून दिसते. टेनेसीतल्या चॅटनूगाच्या दोन गोऱ्या भावांनी ब्लूज गायला. कंपनीतल्या कुणाला आवाज ऐकून ते कृष्णवर्णीय वाटले आणि रेकॉर्ड १४००० च्या मालिकेत निघाली. भाऊ इतके संतापले की त्यांनी अडीच लाख डॉलरच्या दाव्याची धमकी दिली आणि कंपनीच सोडली. उलट बाजूही आहे. जुलै १९३० मध्ये हॉलिवूडमध्ये एका लोकप्रिय गोऱ्या गायकाच्या ब्लूजला त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादकाने साथ केली. रेकॉर्डच्या लेबलवर त्याचे नाव नाही.

१९२९ नंतरच्या मंदीत धंदा बसला. अमेरिकेत १९२७ मध्ये दहा कोटींच्या वर असलेली रेकॉर्डविक्री १९३२ मध्ये साठ लाखांवर आली. पुढे युद्धात लाखेचा प्रश्न आला. रेकॉर्ड लाखेपासून बनत, आणि ती लाख मुख्यतः भारतातून, छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून जायची. १९४२ मध्ये अमेरिकेने रेकॉर्डसाठीच्या लाखेवर कडक मर्यादा घातली आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगच बंद पाडले. तोवर माणसेही हलली होती. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून गेले. मिसिसिपीतून थेट शिकागोची गाडी होती. १९४१ मध्ये मिसिसिपीतल्या स्टोव्हलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका तरुणाचे गाणे सरकारी संग्रहासाठी मुद्रित झाले. दोन वर्षांत तो शिकागोत होता. दारूच्या अड्ड्यावरच्या गलक्यात साधी गिटार ऐकू जात नाही म्हणून त्याने वीज जोडली. इलेक्ट्रिक ब्लूजमागे सौंदर्यदृष्टी किती आणि गोंगाट किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जून १९४९ मध्ये संगीतधंद्याच्या एका साप्ताहिकाने खपाच्या यादीवरचे ‘रेस’ हे शीर्षक काढून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असे केले. यादी तीच राहिली, पाटी बदलली.

शेवटची उलथापालथ साठच्या दशकातली. उत्तरेतले गोरे तरुण संग्राहक जुन्या रेकॉर्ड शोधत दारोदार फिरत होते. ज्या रेकॉर्ड फारशा खपल्याच नव्हत्या त्या दुर्मिळ, दुर्मिळ म्हणून मौल्यवान, आणि मौल्यवान म्हणून ‘अस्सल’. १९३६-३७ मध्ये सॅन अँटोनियो आणि डॅलसमध्ये २९ गाणी मुद्रित करून १९३८ मध्ये मेलेला एक तरुण १९६१ च्या पुनर्मुद्रणानंतर ब्लूजचा राजा ठरला. वीसच्या दशकातल्या लाखोंनी खपलेल्या बायका ‘व्यावसायिक’ म्हणून बाजूला पडल्या. १९६३ मध्ये एका जुन्या गायकाचा पत्ता लागला तो त्याच्या १९२८ च्या गाण्यात अ‍ॅव्हलॉन या गावाचे नाव होते म्हणून. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला आणखी एक जण सापडला. त्याने गिटार कधीच खाली ठेवली होती. त्याचीच जुनी गाणी विशीतल्या एका गोऱ्या मुलाने त्याला पुन्हा शिकवली, आणि तो महोत्सवांत ती गाऊ लागला.

फिडलवाल्यांना यायला आणखी चाळीस वर्षे लागली. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात बँजो या तंतुवाद्याच्या एका मेळाव्यात भेटलेली तीन तरुण कृष्णवर्णीय मुले ऐंशी ओलांडलेल्या एका फिडलवादकाच्या घरी दर गुरुवारी शिकायला जाऊ लागली. त्यांच्या अल्बमला २०११ मध्ये ग्रॅमी मिळाले, ‘पारंपरिक लोकसंगीत’ या विभागात.