पार्श्वभूमी: कोकणच्या कातळातली जुनी ओढ

सह्याद्रीचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणच्या दगडाचं नशीब ठरलं ते त्यानंतर. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्या किनाऱ्यापासून सुटताना इथला खडक पूर्व-पश्चिम ताणला गेला. बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा हा दगड, दाब कितीही सोसेल, पण ताणापुढे त्याचं बळ दाबाच्या दशांशाएवढंच. भेगा पडल्या त्या ओढीला काटकोनात, म्हणजे उत्तर-दक्षिण. भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंतीही किनारपट्टीत बहुतेक त्याच दिशेने गेल्या आहेत. पनवेलपासून पश्चिमेला तर थरच समुद्राकडे झुकले.

खरा घोळ आहे तो ‘प्रस्तरभंग’ या शब्दाचा. पश्चिमेकडची जमीन खचली आणि सह्याद्रीचा कडा उभा राहिला, असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. प्रस्तरभंग म्हणजे खडक तुटून त्याची एक बाजू दुसरीवरून सरकणं. नुसती फट पडणं नव्हे. पण कड्याच्या पायथ्याने असा एकसलग भंग कुणाला दाखवता आलेला नाही. माथेरान, प्रबळगड मुख्य रांगेपासून सुटे उभे आहेत, तरी त्यांचे थर जवळपास आडवेच. कडा पूर्वी पश्चिमेला होता आणि झिजत मागे हटला, हे म्हणणं मला जास्त पटतं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिल या टेकडीचे दगडी खांब आणखी वेगळे: लाव्हा निवताना आकसला, त्यातून ते झाले. तिथे भूपट्टाच्या ताणाचा संबंध नाही. निवताना पडलेली भेग, ताणाने पडलेली भेग आणि सरकलेला भंग या तिन्हींना एकच नाव दिलं, की डोंगर कापणारा माणूस चुकीच्या जागी निर्धास्त होतो.

हा फरक हाताला कळतो. कापलेल्या डोंगरात साबूत कातळावर घण मारला तर तो खणखणतो. हातभर पलीकडे भेगेपाशी तोच घाव बद्द वाजतो. तिथला दगड तांबूस, कुजका, नखाने उकरता येईल असा. भेगांमधून पाणी खूप खोल जातं. वज्रेश्वरीपासून उन्हवरे, तुरळ, राजवाडीमार्गे राजापूरपर्यंतची उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, त्याचीच खूण.

जुनी ओढ कधीच संपली. आज हिमालयाच्या अडवणुकीमुळे भारतीय भूपट्ट मुख्यतः उत्तर-दक्षिण दाबाखाली आहे. घाटापलीकडे कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी भूकंपात खडक सरकला तो या दाबाखालीच. पण भेगेच्या लांबीच्या दिशेने येणारा दाब भेग मिटवत नाही.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती अशाच कातळातून. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडीच्या दगडांनी गाड्या घसरल्या, माणसं गेली. पुढे जाळ्या लागल्या, उभे काप तिरके झाले, पावसाळ्यात वेग उतरला. दोन्ही वेळा बोललं गेलं ते मुख्यतः पावसाबद्दल. पाऊस तयार भेगेत शिरतो, आतली माती धुतो आणि साचला की दगड बाहेर रेटतो. म्हणून कापात पाण्याला वाट ठेवायची ती आधी उत्तर-दक्षिण भेगा हुडकून. भेगांतलं पाणी गढूळ झालं, की आतली माती सुटायला लागली असं समजावं.