मिकाती: लेबनॉनच्या अडल्या वेळचे पंतप्रधान

१४ फेब्रुवारी २००५ रोजी बैरुतमध्ये किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर प्रचंड स्फोट झाला आणि माजी पंतप्रधान रफिक हरिरी मारले गेले. लोकांचा संशय सीरियावर होता. सीरियाचं सैन्य १९७६ पासून लेबनॉनमध्ये तळ ठोकून होतं. मोर्चे निघाले आणि दोन आठवड्यांत पंतप्रधान ओमर करामी यांनी राजीनामा दिला. त्यांनाच पुन्हा बोलावलं, पण मंत्रिमंडळ काही जमेना. निवडणूक तोंडावर आलेली. तेव्हा एप्रिलमध्ये पुढे आलं उद्योगपती नजीब मिकाती यांचं नाव.

हेच नाव का, हे समजायला लेबनॉनची घडी ठाऊक हवी. १९४३ च्या अलिखित करारानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया असतो. खासदार बाब्दा इथल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात जाऊन आपल्या पसंतीचं नाव सांगतात. ज्याच्या पारड्यात जास्त नावं, त्याला सरकार बनवायचं निमंत्रण. म्हणजे माणूस सुन्नी हवा, पण बाकीच्यांनाही चालायला हवा. शिवाय दमास्कस, रियाध, पॅरिस यांची मर्जीही सांभाळायला हवी. मोठा पक्ष पाठीशी नसलेला आणि सगळीकडे ओळखी असलेला व्यापारी इथे सोयीचा ठरतो. खुद्द हरिरीही सौदी अरेबियात बांधकामात पैसा कमावून, चलन कोसळून दंगली झाल्यावर १९९२ मध्ये पंतप्रधान झाले होते.

मिकाती लेबनॉनमधल्या त्रिपोलीचे. यादवी युद्धात टेलिफोनची व्यवस्था पार मोडकळीला आली, तेव्हा १९८२ मध्ये भाऊ ताहा यांच्याबरोबर त्यांनी ‘इन्व्हेस्टकॉम’ ही दूरसंचार कंपनी काढली. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एमटीएनने ती साडेपाच अब्ज डॉलरना घेतली. सीरियात तेव्हा सत्तेवर असलेल्या असद कुटुंबाशी त्यांची जवळीक होती, तरीही २००५ मध्ये त्यांनी एक शब्द दिला आणि पाळला: निवडणूक घेईन, स्वतः उभा राहणार नाही. २६ एप्रिलला सीरियाचं उरलंसुरलं सैन्य परतलं, निवडणूक पार पडली आणि जुलैत त्यांनी फुआद सिनिओरा यांच्याकडे कारभार सोपवला. त्यांचा हा तीन महिन्यांचा काळ मला सर्वांत स्वच्छ वाटतो.

जानेवारी २०११ मध्ये हिजबुल्ला हा शियांचा सशस्त्र पक्ष आणि त्याच्या मित्रपक्षांच्या मंत्र्यांनी राजीनामे देऊन रफिक हरिरींचे पुत्र साद हरिरी यांचं सरकार पाडलं. मिकातींना १२८ पैकी ६८ खासदारांचा पाठिंबा मिळाला. पण या वेळी त्यांच्याच त्रिपोलीत टायर पेटले. सुन्नींना हा घात वाटला. मार्च २०१३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

तिसरी खेप सर्वांत कठीण. २०१९ च्या अखेरीपासून बँकांनी ठेवीदारांचे पैसे अडवून धरले होते. ४ ऑगस्ट २०२० ला बैरुत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटच्या साठ्याने पेट घेतला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. सरकारने राजीनामा दिला, त्यानंतर तेरा महिने नवं सरकारच बसलं नाही. १० सप्टेंबर २०२१ ला बाब्दामध्ये मंत्रिमंडळ जाहीर झालं. मुलांना परदेशी धाडणाऱ्या, साधी पॅनाडॉलची (पॅरासिटामॉलची) गोळीही न मिळणाऱ्या आयांबद्दल बोलताना मिकातींचा आवाज दाटून आला. त्या अश्रूंवर मी विश्वास ठेवतो. पण बँकांचा प्रश्न त्यांच्या हातून सुटला नाही, हेही तितकंच खरं. पूर्वी दीड हजार लेबनीज पौंडांना मिळणारा डॉलर मार्च २०२३ मध्ये खुल्या बाजारात एक लाखावर गेला. ठेवीदार मात्र बँकांच्या दारातच राहिले.

मे २०२२ च्या निवडणुकीनंतर मिकाती काळजीवाहू म्हणून उरले. ऑक्टोबरअखेर राष्ट्राध्यक्ष मिशेल औन यांची मुदत संपली आणि ती खुर्ची दोन वर्षांहून अधिक काळ रिकामी राहिली. नोव्हेंबर २०२४ मधल्या इस्रायलबरोबरच्या युद्धविरामाला मान्यता दिली, तीही याच काळजीवाहू मंत्रिमंडळाने. अखेर जानेवारी २०२५ मध्ये लष्करप्रमुख जोसेफ औन राष्ट्राध्यक्ष झाले आणि १३ तारखेला खासदार पुन्हा बाब्दाला गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे तेव्हाचे अध्यक्ष नवाफ सलाम यांचं नाव ८४ जणांनी घेतलं, मिकातींचं नऊ जणांनी.